जैसलमेरची कंघी

शपथेवर सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. चौऱ्याण्णव साली लखनौला लेकाकडे होते, तेव्हा निशातगंजहून टेम्पोत, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षात, बसले. समोर देविका नावाची कॉलेजातली मुलगी आणि तिचा सीनियर निरंजन, मांडीवर वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद. इथे मराठी कुणाला कळतंय, अशा आवाजात बोलत होती.

"दादा, अकराला सर बघणार. सही नाही झाली तर माझी पीएचडी अडकली."

"ही कुठली?"

"जैसलमेरची. वाळवंटातली कंघी, आपली पेटारी. लेबलवर लिहिलंय ना."

"पिवळी फुलं इथल्या कंघीलाही येतात. फळाच्या फाका मोजल्यास?"

"हाँ. नऊ."

"माझ्यासमोर मोज."

"टेम्पो हलतोय यार, फळ तुटेल."

"आण इकडे. सात, आठ, नऊ, दहा... देविका, ह्या अठरा झाल्या."

"अच्छा."

"वाळवंटातलीला आठ-दहाच असतात. ही आपल्या रेल्वे लाईनीकडची आहे. तू जैसलमेरला गेली होतीस ना?"

"गेले होते. चारही दिवस तापात पडून होते, दादा."

"आणि लेबल?"

"घरी बसून लिहिलं."

"सरांनाही मोजता येतं."

"फळच नसेल तर काय मोजतील?"

"देविका."

मग तिने लेबल फाडलं आणि नवीन कागदावर लिहिलं, 'निशातगंज, रेल्वे लाईन.'

बरं, लेबल फाडल्याचं तेवढं माझ्या पदरचं. "माताजी, ज़रा खिसकिए," असं मला म्हणून तिने फळ खुडलं आणि बाहेर टाकलं.