चिकटलेलं की आलेलं

नाही, गिल्बर्ट घरी नाहीये, आणि असता तरी मी त्याला तुझ्यासमोर बसवला नसता — पण तू बस, मुलुंडहून मरोळपर्यंत उन्हातून आलीस, अनुपमा म्हणालीस ना, चहा घे. लॅबच्या सरांनी पाठवलं म्हणालीस. बघ ना, इतकी वर्षं सरांना आमचं घर सापडलं नाही, आता सापडलं. स्वतः का नाही आले? राहू दे, नको सांगूस, मला कळतं — त्यांना वाटलं असणार, पोरगी गेली तर इनेझ तोंडावर दार लावणार नाही. बरोबर वाटलं त्यांना. नाही लावलं मी.

तू गिल्बर्टला बघितलेलंच नाहीस म्हणजे. तू लॅबमध्ये आलीस त्याच्या आधीच तो तिथून गेला होता. ह्या गावठाणात एम.एस्सी. झालेला तो पहिला — सासऱ्यांची भाताची शेतं इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये गेली, त्यावर आता कारखाने उभे आहेत, तर ते म्हणायचे, जमीन गेली तरी पोरगा डॉक्टर होणार, माणसं तपासणारा नव्हे, मोठा डॉक्टर. आणि मी चर्चच्या शाळेत तिसरीला शिकवते, मला काय कळणार ह्यातलं — पण नवरा जेवताना दुसरं काही बोलतच नसला तर बायकोला येतंच. सेलच्या, म्हणजे पेशीच्या, न्यूक्लियसच्या आत धागा असतो, क्रोमॅटिन म्हणतात ना त्याला, त्यावर हिस्टोन घट्ट बसलेले, ते सहसा हलत नाहीत. पण बाकीची प्रोटीनं असतात, हिस्टोन नसलेली — ती येतात, धाग्यावर बसतात, काम झालं की सुटून जातात, आणि कुठली आली, कुठली गेली ह्यावर तो सेल काय करणार ते ठरतं. बरोबर सांगतेय? मान हलवलीस म्हणजे बरोबर. सरांचं सगळं नाव त्यावरच तर झालं. उंदराला हार्मोनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात बाहेरची प्रोटीनं धाग्यावर येऊन बसतात, हार्मोन ओसरला की निघून जातात — परदेशात छापून आलं, सर विमानाने जाऊन आले. ते दाखवलं कुणी पण? उंदीर कुणी कापले? गिल्बर्टने.

तेव्हा तो सुखात होता गं. खरंच सुखात होता. रविवारी मिस्सा झाल्यावर फादरना पकडून उंदराचं लिव्हर समजावायचा.

मग त्याच्याच मनात आलं — आलं म्हणजे काय, पोखरायलाच लागलं — की सेल फोडल्यावर न्यूक्लियसबाहेरचा रस आणि न्यूक्लियस एकमेकांत मिसळतात, तर ही प्रोटीनं आधीपासून धाग्यावर बसलेली होती की फोडताना चिकटली? पीठ मळलं की हाताला लागतं, म्हणून काय ते हातातून उगवलं? आणि हार्मोनने ती प्रोटीनं लिव्हरमध्येच वाढत असतील तर जास्त चिकटणार, ओसरली की कमी चिकटणार, आपण म्हणणार, बघा, आली नि गेली. तर त्याने काय केलं — एका उंदराच्या लिव्हरचा रस घेतला, रेडिओअॅक्टिव्ह केलेला, ओळखू यावा म्हणून, आणि दुसऱ्याच उंदराच्या धुतलेल्या न्यूक्लियसमध्ये मिसळला. त्या न्यूक्लियसचा नि त्या रसाचा जन्मात संबंध नव्हता. तरी चिकटलं. तीच प्रोटीनं, तितकीच घट्ट. त्याने पुन्हा केलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. ताटावर बसून राहिला, सुरमई तशीच टाकली — मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "इनेझ, आमची वाट लागली. छापलंय ते बहुतेक सगळं चिकटलेलं आहे."

सरांना सांगितलं ना. आधी सरांनाच सांगितलं, एकट्याला, त्यांच्या केबिनमध्ये. सर म्हणाले, "तुझा हात स्वच्छ नाही, गिल्बर्ट." एवढंच. हा तर उठून घरी आला आणि हात धुवायला लागला, वेड्यासारखा, साबण लावून लावून — मी नळ बंद केला.

आणि मग ती सभा. तुला सांगितली असेल कुणीतरी, तुमच्या लॅबमध्ये अजून सांगतात ना? कुणी पाहुणा आला होता बाहेरून, त्याने सरांना विचारलं, दुसऱ्या उंदराचा रस मिसळून बघितलात का? सर म्हणाले, बघितला, काही चिकटत नाही. अगदी सहज म्हणाले म्हणे. गिल्बर्ट मागच्या रांगेत बसलेला. उभा राहिला. "चिकटतं, सर," म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. आणि खाली बसला. मी तिथे नव्हते, पण तो खाली कसा बसला असेल ते मला दिसतं — गुडघ्यावर हात ठेवून, वर्गात चुकल्यासारखा.

त्यानंतर सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उंदीर मिळेनात, रस ओळखू यायला लागतो तो आयसोटोप मिळेना, मग फेलोशिप संपली ती संपली. डिग्री नाही. दुसरीकडे जाईल तिथे लोक सरांना फोन करणार. आता तो मागे एस्टेटमध्ये प्लेटिंगच्या, लोखंडाला मुलामा देण्याच्या, कारखान्यात आहे, क्रोमच्या टाक्यांवर. वाफ असते ना ती, ती नाकातलं हाड खाते. तुला वाटेल मी वाढवून सांगते — नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे त्याच्या, आरपार. उशीला रक्त लागतं. भाताला वास येत नाही, मासळीला येत नाही, मी केसांना तेल लावते त्याचाही नाही. डॉक्टर म्हणाले काम सोडा. सोडून काय करायचं, ते नाही म्हणाले.

आणि खरं सांगू? मला सरांचा राग येत नाही आता. मला ह्याचाच येतो. कुणी विचारलं होतं उभं राहायला? मोठा सत्यवान. मग त्याला खोकताना बघते आणि — जाऊ दे. चहा निवतोय तुझा.

तर काय, आता परदेशातल्यांना ते जमत नाही म्हणालीस. करून बघतात, सरांसारखं येत नाही, पत्रांवर पत्रं येतात, आणि गिल्बर्टने येऊन म्हणावं की हो, मी केलं होतं, नीट केलं होतं. परत घेतील लॅबमध्ये. वा. त्याला सांगू म्हणतेस हे? तो उठून अंगणात जाऊन उभा राहील. मला नाही बघवत ते.

काय? परत बोल. सर म्हणतात, गिल्बर्टने फक्त मोडलं, बांधलं काहीच नाही? असं म्हणतात? तुझ्यासमोर म्हणाले? अगं, त्यांना काय ठाऊक. शेवटचे उंदीर होते ना त्याच्याकडे, त्याने पाणीच लावलं नाही. पाण्यामुळेच तर सगळं इकडचं तिकडे होतं, म्हणून लिव्हर गोठवायचं, गोठलेलंच सुकवायचं, पार कोरडी पूड, आणि ती ग्लिसरीनमध्ये घोटायची — न्यूक्लियस जड, तळाशी बसतो. पाणी नाही तर प्रोटीन सरकणार कसं? जिथे होतं तिथेच राहतं. असं केल्यावर बाकीचं सगळं गेलं, चिकटलेलं होतं ते. पण एक राहिलं. प्रोटीनं वेगळी करतात त्या जेलवर एक निळी रेघ. इंजेक्शन दिलेल्या उंदरात आहे, न दिलेल्यात नाही, हार्मोन ओसरलेल्यात नाही. ते खरंच येतं, बसतं, जातं. म्हणजे सर थोडे बरोबरच होते, त्यांनाच माहीत नाही, आणि हा त्यांना सांगायला गेला तेव्हा दारातूनच परत —

कप का खाली ठेवलास?

किती वेळ सुकवायचं? हे का विचारतेस तू?

अनुपमा. हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईलासुद्धा नाही. मला सांगितलं होतं फक्त, इथे, ह्या पाटावर बसून. म्हणायचा, कुठे तरी कुणाचे पाय धरीन, एकदा पुन्हा करून बघीन, मग सांगेन लोकांना — एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं नसतं, इनेझ. त्याच्याकडे तेवढंच राहिलंय गं. दुसरं काही नाही.

आता मी तुला म्हणेन, सरांना सांगू नकोस, तू हो म्हणशील, आणि मनापासून म्हणशील. मग मुलुंडला जाशील. तुलाही डिग्री हवीय. उद्या नाही तर महिन्याने तुमच्याकडे ग्लिसरीनची बाटली येईल.

भोंगा झाला, पाळी सुटली. तो येईल आता. पुढच्या गल्लीने नको जाऊस, विहिरीकडून जा.

शपथ नको घेऊस, पोरी. जा तू.