रघूचं एकशे पाचवं मूलद्रव्य

अध्यक्षस्थानी बसलेले रघूचे थोरले भाऊ, वहिनी, रघूची आई म्हणजे आपल्या काकी, आणि मये गावच्या मंडळींनो,

कोकणी-मराठीच्या वादापासून आपल्यातले काही जण एकमेकांशी बोलत नाहीत. आज रघूच्या शोकसभेला सगळे एका जाजमावर बसलो आहोत. हेही रघूलाच जमलं. मला बोलायला उभं केलंत, कारण मी त्याचा जिवलग मित्र. होतोच. पण मंडळी, मी त्याच्यावर आयुष्यभर जळलो. ते लपवून गोड बोलणं मला आज जमत नाही.

मी डिचोलीला खाणीवर केमिस्ट. मातीत लोखंड किती, ते सांगतो. माझ्यापुढे ट्रकच्या ट्रक माल असतो. रघू परदेशात काय करायचा? त्याच्याकडे चिमूटभरसुद्धा माल नव्हता. निसर्गात न सापडणारी अतिजड मूलद्रव्यं! यंत्रात एकेक अणू घडवायचा, आणि तो अर्ध्या मिनिटात, फार तर मिनिटात नाहीसा व्हायचा. तेवढ्यात त्याचा स्वभाव ओळखायचा. एकशे पाचवं मूलद्रव्य काचेला चिकटतं, की आम्लानं धुऊन जातं? मूलद्रव्यांच्या तक्त्यात ज्यांच्या खाली त्याला बसवलंय, त्यांचं वळण त्यानं घेतलंय का? एवढाच प्रश्न. त्यासाठी तो अणू असलेला थेंब काचेवर घ्यायचा, सुकवायचा, धुवायचा, पुन्हा सुकवायचा, मोजयंत्रापुढे धरायचा. सगळं हातानं. शेकडो वेळा. बहुतेक वेळा पदरी काहीच नाही.

हातानं, मंडळी! आणि कॉलेजात हात कोणाचे चांगले होते? माझे. रघू बीकर फोडायचा. सर म्हणायचे, "रघुवीर, तू लांब राहा, गणूला करू दे." पण गुणपत्रिकेत हातांना मार्क नव्हते. शिष्यवृत्ती त्याला मिळाली. आपला गोवा घटकराज्य झाला, त्या सुमारास पेपरात त्याचा फोटो आला. गोव्याचा सुपुत्र! मी त्याच पेपरात सुके बांगडे गुंडाळून पेडण्याला बहिणीकडे पाठवले.

मागे एका चवथीला, गणपतीसाठी, तो आला होता. तळ्याच्या बांधावर बसून मला म्हणाला, "गणू, काच सुकासर अणू जाता रे. माका तुजे हात जाय. वर्सभर यो." काच सुकेपर्यंत अणू संपायचा, म्हणून त्याला वर्षभर माझे हात हवे होते; जाण्यायेण्याची, राहण्याची सगळी सोय त्यानं करून ठेवली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात काय आलं? ह्याच्या हाताखाली? मी? राबणार माझे हात आणि नाव छापून येणार ह्याचं? मी कळवलं, खाण रजा देत नाही. गावातही तेच सांगितलं.

त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं. शेवटच्या पत्रात 'ये' असं म्हटलंच नव्हतं. फक्त विचारलं होतं, काच इतक्या लवकर तू कशी सुकवायचास? उत्तर साधं होतं: काच आधीच तापवून ठेवायची असते. एवढं एक वाक्य. ते मी लिहिलं नाही. लिहिलं, "सवयीनं जमतं."

त्याचं काम अर्धं राहिलं आणि तो गेला. आज त्याच्यासाठी एवढी माणसं जमलेली बघून मला अजून जळायला होतंय. लाज वाटते, पण होतंय.

आणि काकी, तुम्ही. गेले दहा दिवस दारात येईल त्याला सांगता, "गणूक रजा मेळ्ळी ना, म्हणून म्हजो पूत थंय एकलो पडलो." मी शेजारी बसून ऐकतो. माझ्या पाठीवर हात फिरवता. मी फिरवू देतो.

काकी, मी रजा मागितलीच नव्हती. अर्जाचा कागदसुद्धा हातात घेतला नव्हता.

मंडळी, आता उभे राहू या आणि थोडा वेळ गप्प राहू या. काकी, तुम्ही बसूनच राहा. मग मला जे बोलायचं ते बोला. मी इथेच थांबतो.