ट्रकच्या दरवाजावर वीस अक्षरे

नाव व पत्ता सोबतच्या नोंदीप्रमाणे. वय ४३ वर्षे. धंदा – नोकरी, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार दुसरा मजला, मागची बाजू.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, कोणी बोलावले नसताना, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझ्या सासूबाई, वय ७४, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, अशा दोघीच राहतो. माझे पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करत असत. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता ते कामावर म्हणून घरून गेले ते परत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचे बूट व हत्यारांची पिशवी पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या भिंतीजवळ मिळून आली. पाणबुड्यांनी चार दिवस शोध घेतला. काही मिळाले नाही. बूट मी याच ठाण्यात याच टेबलावर ओळखले होते. उजव्या बुटाची टाच मी स्वतः चिकटवलेली होती.

त्यावेळी दिलेला माझा जबाब आज मला दाखवण्यात आला. त्यात "घरात कसलाही वाद नव्हता" असे वाक्य आहे. ते आजही बरोबर आहे. घरात बोलणेच कमी होते.

पुढच्या वर्षी सात वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर पतीस मयत समजावे असा अर्ज कोर्टात करता येतो, असे माझ्या दिरांनी वकिलांना विचारून सांगितले होते. अर्जावर सही करण्यास मी होकार दिला होता. आज मी आले आहे ते त्याच कारणाने. ती सही मला आता करता येणार नाही.

घडले ते असे. सासूबाईंचा गुडघा दुखत असल्याने त्यांना आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणायचे ठरले. बाहेरच्या खोलीत पतीचे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे मशीन व एकतीस डिस्क होत्या. सहा वर्षे त्यावर कापड घातलेले होते. सासूबाई ते कापड दर आठवड्याला धूत असत. मशीन कोणी चालू केलेले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. पडून राहिलं की वस्तू रुसते." म्हणून चालू महिन्याच्या ४ तारखेस, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मी मशीन व डिस्क दोन पिशव्यांत भरून जुन्या गेमच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदार अंदाजे पंचावन्न वर्षांचे असून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आधी ते टायपिंगचा क्लास चालवत. त्यांनी डिस्क एकेक करून उजेडात धरून पाहिल्या व सर्व परत पिशवीत ठेवल्या.

मी विचारले, "चरे पडलेत का?"

ते म्हणाले, "चरा एक नाही, ताई. नव्यासारख्या आहेत. पण माझ्या काही कामाच्या नाहीत." मी कारण विचारले असता त्यांनी असे सांगितले की, या मशीनची डिस्क एकदा आत घातली की तो गेम त्या माणसाच्या खात्यावर चढतो. पुढे डिस्क नसली तरी त्याला कुठल्याही मशीनवर तो गेम खेळता येतो. परंतु तीच डिस्क दुसऱ्याने घातली तर चालत नाही. मूळ माणसाने आपल्या खात्यावरून गेम सोडला तरच चालतो. "पूर्वी मित्र मित्राला डिस्क द्यायचा, तो तिसऱ्याला. माझं दुकान त्याच्यावरच उभं राहिलं. आता घेतलेली वस्तू आपली नाही. देता येत नाही, विकता येत नाही, वापरा नाहीतर कपाटात ठेवा. ही कसली मालकी?" असे ते म्हणाले. नंतर म्हणाले, "तुम्ही एवढं ओझं घेऊन आलात. मशीन तरी बघू."

त्यांनी मशीन टीव्हीला व नेटला जोडले. हे मशीन नेटशिवाय चालत नाही. दिवसातून एकदा तरी कंपनीकडे त्याची हजेरी लागावी लागते, न लागल्यास सगळे गेम बंद होतात, अशी माहिती मला मास्तरांकडूनच मिळाली. सहा वर्षांचे राहिलेले अपडेट करून घ्यायला मशीनला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी स्टुलावर बसून होते. बारा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पतीचे खाते आले. खात्याचे नाव "पाचवामजला" असे आहे. त्याखाली पुढील मजकूर आला : हे खाते सध्या दुसऱ्या मशीनवर सुरू आहे. इथे सुरू करायचे का? तिकडचा खेळ बंद होईल.

मास्तर म्हणाले, "हे खातं कुणाचं?"

"मिस्टरांचं."

"मग सोपं आहे की. ते आत्ता खेळतायत. त्यांना फोन करा, म्हणावं तिकडून एवढं सोडून द्या. दोन मिनिटांचं काम."

मी म्हणाले, "ते नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"सहा वर्षं झाली."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिले व दुकानाचे दार लोटून घेतले. मला पाणी दिले. ते म्हणाले की, अशी खाती चोरीला जातात, कोणीतरी पासवर्ड मिळवला असेल, लगेच भलतेसलते मनात आणू नका. मीही तसेच समजले. मास्तरांनी "नाही" हे बटण दाबून खात्याचा इतिहास उघडला. पती गेल्यापासून तेविसाव्या दिवशी खाते पुन्हा वापरात आलेले होते. तेव्हापासून त्याची हजेरी बहुतेक रोज आहे.

खाते पतीच वापरतात हे कशावरून, असे विचारल्यावरून सांगते की, लिफ्टच्या दारात सापडल्याने पतीच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही. त्यामुळे ट्रक चालवण्याच्या गेममध्ये हॉर्नचे बटण ते डाव्या बाजूस घेत असत. त्या गेमचा नवा भाग दोन वर्षांपूर्वी निघाला. तो आमच्या घरात कधीच नव्हता. त्यातही हॉर्न डाव्या बाजूला घेतलेला आहे. मास्तरांनी ते मला दाखवले. चोराला याची गरज नाही.

मास्तरांनी विचार करून आणखी असे सांगितले की, नवीन नावाने खाते काढले असते तर जुने सगळे गेम नव्याने घ्यावे लागले असते, एवढे गेम कोणी सहसा टाकून देत नाही.

मशीन व डिस्क घेऊन मी एक वाजता घरी आले. सासूबाईंना दुकान बंद होते असे सांगितले.

त्यानंतर मी कामावर सलग रजा टाकली. कारण "घरकाम" असे लिहिले. खाते रोज सकाळी दहा ते दुपारी साडेबारा या वेळात सुरू असते असे दिसून आले. त्या वेळात मी मशीन चालू करून बसत असे. "होय" हे बटण मी दाबले नाही. दाबले तर तिकडे कळेल हे मला माहीत होते. असे एकूण आठ दिवस झाले. आठव्या दिवशी सासूबाई आतून काठी टेकत आल्या व म्हणाल्या, "रोज त्या रिकाम्या पडद्यात काय बघतेस गं? चेहरा बघ तुझा. भिंगं घासताना तरी बरी दिसतेस."

मी त्यांना सर्व सांगितले. त्या खुर्चीवर बसल्या. साडेबारा वाजून गेल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे लाइन चालू आहे?"

"हो, आई."

"आत्ता?"

"आत्ता नाही. उद्या दहाला लागेल."

सासूबाईंनी एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे लोकांचे फोन जोडून दिलेले आहेत. त्या म्हणाल्या, "मग उद्या लाव. उचलायचं की नाही ते समोरचा ठरवेल. आपलं काम लावायचं."

दिनांक १३ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी "होय" दाबले. गेम आमच्याकडे सुरू झाला. रस्त्यावर उभा असलेला एक ट्रक दिसला. साधारण एक मिनिटाने तिकडून "होय" दाबले गेले व आमचा पडदा बंद झाला. मी पुन्हा दाबले. पुन्हा तिकडून दाबले गेले. असे सात वेळा झाले. सातव्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "तोच आहे. लहानपणी बाथरूमचं दार असंच धरून बसायचा."

सदर गेममध्ये ट्रकच्या दरवाजावर नाव लिहिता येते. त्याला वीस अक्षरांची मर्यादा आहे. गेम मशीनमध्ये न राहता कंपनीकडे साठवला जात असल्याने इकडे लिहिलेले तिकडे दिसते. आठव्या वेळी मी दरवाजावर "आई शेजारी बसली आहे" असे लिहिले. त्यानंतर पडदा बंद झाला तो अकरा मिनिटे तसाच राहिला. मग मी पुन्हा "होय" दाबले. दरवाजावरचे माझे अक्षर पुसलेले होते. तिथे "गुडघा कसा आहे" असे होते.

सासूबाईंनी ते स्वतः चष्मा लावून वाचले. त्यांचा गुडघा पती गेल्यानंतर दुखू लागला की आधीपासून, असे विचारल्यावरून सांगते की, आधीपासून. पतीच त्यांना डॉक्टरांकडे नेत असत.

सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी "जिने चढवत नाहीत" असे लिहिले. त्यावर "काठी घे" असे उत्तर आले. मी "घेतली" असे लिहिले. नंतर सासूबाई म्हणाल्या, "विचार, वेळेवर जेवतो का." मी लिहिले. उत्तर "हो" असे आले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं दार आणि नुसतं हो?" व हसल्या. त्यांना एवढे हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "मी चहा टाकते. तोवर तू बोल." त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्या आत असताना मी दरवाजावर एक ओळ स्वतःच्या मनाने लिहिली. ती काय होती, असे विचारले असता सांगते की, तपासाशी तिचा संबंध नाही. ती वीस अक्षरांत बसली एवढे सांगते.

तिकडून पडदा घेतला गेला. यावेळी मी थांबले. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी "होय" दाबले असता खाते उघडले नाही. पासवर्ड बदलण्यात आला आहे, नवीन पासवर्ड द्यावा, असा मजकूर आला. मला माहीत असलेले दोन पासवर्ड मी दिले. ते चालले नाहीत. सर्व गेमसमोर कुलपाची खूण आली. तेव्हापासून आमच्याकडचे मशीन कुठलाही गेम सुरू करत नाही व एकतीस डिस्कपैकी एकही चालत नाही.

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी विचारले, "काय गं, गेला?" मी म्हणाले, "नेट गेलंय, आई."

दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले.

माझी तक्रार काय आहे, असे विचारल्यावरून सांगते की, तक्रार नाही. पतीने आमचे काही नेलेले नाही. पासवर्ड त्यांचा होता व तो बदलण्याचा त्यांना अधिकार आहे. साहेबांनी मला समजावले की, कंपनीला पत्र दिल्यास ते मशीन कुठल्या घरातून चालते त्याचा पत्ता मिळू शकतो, तिथे कोण कोण राहते हेही कळेल. मला तो पत्ता नको आहे. तलावात पुन्हा कोणी उतरू नये, बेपत्ता माणसांच्या यादीतून त्यांचे नाव काढावे व ते जिवंत आहेत अशी नोंद व्हावी, एवढ्यासाठी मी आले आहे. दिरांना मी कालच फोन करून अर्ज थांबवण्यास सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काही भास झाला असेल." मास्तर हवे तर साक्ष देतील. त्यांनी तसे कबूल केले आहे.

तुम्ही स्वतःसाठी पुढे काय करणार, असे साहेबांनी विचारले. ते जबाबात लिहिण्याची गरज आहे का, असे मी विचारले. गरज नाही असे ते म्हणाले.

सासूबाई माझ्यासोबत आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. मुलगा जिवंत आहे हे त्यांना माहीत आहे. पासवर्ड बदलल्याचे त्यांना माहीत नाही. मशीन अजून टीव्हीला जोडलेले आहे, ते काढू नये असे त्यांचे म्हणणे आहे. रोज सकाळी दहाला त्या खुर्ची पुढे घेऊन बसतात व "आलं का गं नेट?" असे विचारतात. आजही निघण्यापूर्वी विचारले. कंपनीचा माणूस येणार आहे असे मी त्यांना सांगितलेले आहे. त्यांचा वेगळा जबाब घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यास सुरुवात केली असता दार लावून घ्यावे, असे मी सांगितले. दार लावल्यावर त्यांनी तो पहिल्या ओळीपासून हळू आवाजात वाचला. मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. सही करते.