देवाच्या फुलाला गाठ कुणी मारली?

मंडळी, एक प्रश्न विचारतो. घाई करू नका. देवाच्या डोक्यावर वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलं — ते फूल पवित्र, का कचरा?

मागचे आजोबा म्हणतायत, पवित्र! बरं. पवित्र, तर मग दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोंबून त्याचा गळा का आवळता? आणि कचरा म्हणाल, तर टाकताना हात का जोडता? म्हणजे जन्मभर पूजा केली, आणि एवढं साधं ठाऊक नाही!

ऐका तर. आख्यान आहे एका बाईचं. राणी नव्हे, साध्वी नव्हे — कॉलनीतली माळीण! नाव सगुणाबाई.

कृष्णाकाठच्या एका गावात चाळीस बंगल्यांची कॉलनी. प्रत्येक दारात जास्वंद, पेरू, आंबा. झाड आलं की पाला आलाच! त्यासाठी कोपऱ्यात एक खड्डा. उष्टं-खरकटं हिरव्या बादलीत, कागद-बाटल्या निळ्या बादलीत, आणि बागेतला पालापाचोळा खड्ड्यात. निवृत्त मास्तर बर्गे गुरुजींनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लिहिलेली — ‘वर्गीकरण हीच संस्कृती’. वा! पाटी लिहायला आपण कधी मागे हटलोय?

सगुणाबाई पाला पसरायची, वर शेणकाला शिंपडायची, आठवड्याला दाताळ्यानं वरखाली करायची. दोन वर्षं काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. मूठभर हातात घ्यावं तर पावसात भिजलेल्या रानासारखा वास!

आणि यंदा? गौरी-गणपती झाले आणि खड्डा घाण मारायला लागला. अशी घाण, की लोक नाकाला पदर लावून जायचे. कॉलनीचे चेअरमन मोहोळकर साहेब आले. म्हणाले, “सगुणाबाई, रविवारी मीटिंग. तोवर वास गेला नाही तर खड्डा बुजवायचा. फरशी घालू, गाड्या तरी लागतील. आणि खड्डाच नाही म्हटल्यावर...” पुढचं बोलले नाहीत. तिला कळलं. खड्डा गेला की काम गेलं! साठीला टेकलेल्या बाईला नवं काम कोण देतो, मंडळी? तुम्ही देता?

रडायला हवं होतं तिनं. पण तिला पडलं नवल! पाला कुजतो, घाण नाही मारत. आंब्याचं पान कधी असं नासतं होय? मग आत आहे तरी काय?

घेतलं दाताळं. हातभर उकरलं — पाला. आणखी हातभर — पाला. आणि मग दाताळं अडकलं. ओढलं तर पिशवी! गच्च दुहेरी गाठ. बोटांनी सोडवली. आत झेंडू, दुर्वा, बेल, पंचामृताचा चिकटा, उदबत्तीचं पाकीट, कापराची पुडी. सगळ्याचा काळा रबरबाट! अहो, फुलाला कुजायलासुद्धा हवा लागते. मोकळं टाका, त्याची माती होते. कोंडा, की ते नासतं!

एक निघाली, दुसरी निघाली... एकोणतीस पिशव्या!

सगुणाबाई खड्ड्याच्या काठावर बसली. हे इथं का टाकतात? तिनं डोकं चालवलं. नदीच्या घाटावर पाटी लागलीय — निर्माल्य टाकू नये. हिरव्या बादलीत टाकावं, तर तिथं माशाचे काटे. देवाचं फूल तिथं? शिव शिव! मग हा पाल्याचा खड्डा बरा. झाडाचं झाडापाशी! पण पिशवी कशी सोडायची? फूल सांडलं, पाय लागला, तर पाप! म्हणून गाठ. गाठ मारली, खड्ड्यात टाकली, हात जोडले, चालले चहा प्यायला! आणि प्रत्येकाला वाटतंय, माझ्या एकट्याच्या पिशवीनं काय होतंय?

पण या पिशव्या कुणाच्या? उलटून-पालटून बघू लागली. आणि एक गुलाबी पिशवी हातात आली. तिच्या लेकीच्या गावच्या बांगड्यांच्या दुकानाची.

ती पिशवी तिचीच होती! गौरीची फुलं. तिनंच टाकली होती, तिनंच हात जोडले होते.

आता आली का पंचाईत? पिशवी घरी नेऊन चुलीत घातली असती, कोण विचारणार होतं? कबूल करावं, तर काम जायला आयतं निमित्त! तुम्ही काय केलं असतंत? नको, सांगू नका, शेजारी बायको बसलीय.

रविवार उजाडला. खड्ड्याच्या काठाशी, धुतलेल्या पोत्यावर एकोणतीस पिशव्या ओळीनं मांडलेल्या. मोहोळकर साहेब नाकाला रुमाल लावून उभे.

बर्गे गुरुजी कडाडले, “मी सांगत नव्हतो? बाहेरचे लोक! बाहेरचे लोक येऊन टाकतात!”

“हो हो, बाहेरचेच!” सगळी कॉलनी एकसुरात. आरतीला एवढा सूर जुळत नाही!

सगुणाबाई पुढे झाली. गुलाबी पिशवी उचलली. “ही माझी हाय, साहेब. गौरीचं निर्माल्य. मीच टाकली.”

“तू?” साहेबांचा रुमाल खाली आला. “राखणारीच नासवणारी? संपलं मग! खड्डा बंद!”

“बंद करा. पर आधी माझी गाठ मला सोडू द्या.”

खाली बसली. गाठ सोडवली. फुलं पाल्यावर मोकळी केली, दोरा बाजूला, पुठ्ठा बाजूला, पिशवी पाण्याच्या बादलीत बुचकळली. पुटपुटली, “गौराई, चुकलं गं माझं. कोंडून ठेवलं तुला.”

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. साहेबांच्या आई, माई मोहोळकर. वय ब्याऐंशी, जीभ विशीतली.

“उदय, ती तिसरी आपली.”

“आई, तू टाकलीस?”

“मी गाठ मारली. नेऊन टाकली कोणी?”

हशा पिकला! साहेबांचे कान लाल. पण बसले हो, पँट वर ओढून उकिडवे बसले! गाठ काही सुटेना. सगुणाबाई म्हणाली, “ओढू नका, साहेब. टोक चिमटीत धरा, उलटं सारा.” चेअरमनला माळीण गाठ सोडायला शिकवतेय!

मग बर्गे गुरुजी हळूच वाकले. “का गुरुजी, बाहेरच्यांची ना ती?” कुणीतरी टोचलंच. गुरुजींची पिशवी सगळ्यात नीट — आत वर्तमानपत्र, त्यावर रबर, वर पिशवी, वर गाठ! संस्कृती!

सगळे बसले म्हणालो तर खोटं होईल, आणि मी या गादीवर खोटं बोलत नाही. अकरा पिशव्या तशाच राहिल्या. त्यांचे मालक तिथंच उभे होते, आभाळातल्या घारी मोजत! त्या अकरा सगुणाबाईनं सोडल्या.

शेवटी मतदान. “ज्यांना खड्डा बंद करायचाय, त्यांनी हात वर करा!” ज्यांनी गाठी सोडल्या त्यांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले, वर करायची लाज! आणि ज्यांचे हात स्वच्छ, त्यांनी वर केले असते तर ते स्वच्छ हात सगळ्यांना दिसले असते! एकही हात वर गेला नाही. खड्डा राहिला. सगुणाबाई राहिली. मार्गशीर्षात माईंनी त्याच खतात तुळस लावली.

फूल पवित्रच होतं, मंडळी. कचरा केला तो आपल्या गाठीनं!

आता माना डोलावू नका. मघाशी तुमच्या अध्यक्षांनी हा हार माझ्या गळ्यात घातला. बघा — शेवंती खरी, चमकी प्लास्टिकची, दोरा नायलॉनचा. उद्या हा कुठल्या पिशवीत जाणार? बोला! अध्यक्ष, या पुढे. कात्री मिळणार नाही, बोटांनी सोडवा. टाळकऱ्यांनो, थांबा. प्रसादही थांबू दे. पहिलं फूल मोकळं झालं, की मगच टाळ वाजेल!