ताईंना मुदतवाढ देऊ नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोदीचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, मुकादमकाका, क्रेनवरच्या माझ्या सगळ्या भावांनो, आणि संख्येने मूठभर असूनही आवाजाने अख्ख्या सभागृहाला पुरून उरणाऱ्या मैत्रिणींनो! ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आमच्या क्रेनवाल्या ताई आणि पहिल्या रांगेतले भाऊजी, तुम्हालाही नमस्कार.

आत्ताच साहेबांनी जाहीर केलं, की ताईंना दोन वर्षांची मुदतवाढ द्यायचा विचार आहे. ताई निवृत्त झाल्या तर मुलींना क्रेन शिकवायची त्यांची योजना उघड्यावर पडेल म्हणे. टाळ्याही कडाडल्या. मला त्यावरच बोलायचंय, पण आधी थोडं ताईंविषयी बोलते. नाहीतर तुम्ही मला आत्ताच खाली बसवाल!

योजना सुरू झाली तेव्हा इथे क्रेन चालवणारी बाई एकच, ताई. बाकी सगळे भाऊ प्रेमळ, यात शंका नाही. पण प्रेम कसलं? मुलीच्या हाती क्रेन चालवायचा दांडा आला आणि हुक जरा हलला, की "दे इकडे, तुला नाही जमायचं!" (हसू नका काका, तुम्हीही त्यातलेच.) अशा मायेने मुली शिकतील की घरी जातील? म्हणून ताईंनी शिकवणाऱ्यासाठी एकच नियम केला. केबिनमध्ये मुलीशेजारी बसायचं ते स्वतःचे हात मांडीखाली दाबून. जिवावर बेतलं तरच हात बाहेर.

माझ्या परीक्षेआधीचा शेवटचा सराव. हुकाला जहाजाचं भलंमोठं इंजिन, आणि अचानक वारा सुटला. इंजिन झुलायला लागलं. वॉकीटॉकीवर काका ओरडतायत, "ताई, तुम्ही घ्या! घ्या म्हणतो ना!"

मी ताईंकडे पाहिलं. कपाळावर घाम, पण हात जागच्या जागी. म्हणाल्या, "इंजिनाखाली कोणी नाहीये. बोल, काय करणार?"

"इंजिन जातंय तिकडेच क्रेन नेते."

"मग ने की! मला काय विचारतेस?"

नेली. हुक बरोब्बर इंजिनाच्या डोक्यावर आला, झोका थांबला आणि इंजिन अलगद टेकलं! तेव्हा कुठे ताईंनी हात बाहेर काढले. आणि आधी कपाळावरचा घाम पुसला.

खाली काका तणतणत उभेच. ताई त्यांना म्हणाल्या, "मी घेतलं असतं तर इंजिन उतरलं असतं हो. पण ही पोरगी पुन्हा वर चढली नसती."

तर साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. मुदतवाढ नको! ताई म्हणजे आमचा जीव की प्राण. पण दोन वर्षांनी पुन्हा हीच भीती, पुन्हा मुदतवाढ; मग आम्ही शिकवायचं कधी? आज आम्ही पाचजणी परवाना घेऊन क्रेन चालवतोय. दोन भाऊही शिकवायला तयार आहेत. नावं सांगत नाही, लाजतील बिचारे. योजना आमच्याकडे द्या. आणि साहेब, माझ्याकडे काय बघताय, ताईंकडे बघा! केव्हाच्या मान डोलावतायत!

तुम्ही सगळ्यांनी एवढं ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. उत्साहाच्या भरात काही अधिकउणं बोलले असेन तर घरची मुलगी समजून पोटात घाला.

आणि ताई, उद्या सकाळी नवी मुलगी येतेय. तिच्याशेजारी मी बसणार आहे. तुम्ही गोदीकडे फिरकायचंसुद्धा नाही. फोनही करायचा नाही. ती खाली उतरली, की मीच करेन.