लाल ठिपक्याची बरणी

—बसा हो, त्या बुटक्या खुर्चीवरच बसा, मोडत नाही ती, वीस वर्षं मीच बसतेय. वाचला तुमचा अर्ज. लेकीला समोरच्या बाईंच्या वर्गात घालायचंय—घाला की, मी कोण अडवणारी? सहा महिने माझ्या वर्गात होती, तोंडातून अक्षर नाही. मी काय कमी केलं? मांडीवर घेतलं, बाहुल्या नाचवल्या, घसा फोडून गाणी म्हटली—ढिम्म! आणि या परवा आलेल्या बाई एक पातेलं काय चढवतात, की पोरगी बोलली!

कसं झालं? सांगते ना. चवीचा प्रयोग म्हणे. दोन्ही वर्ग एकत्र बसवले. सफरचंदं पोरांनीच चिरायची, बोथट सुऱ्यांनी, ती शिजवायची, साखर घालायची, डोळे मिटून चाखायची आणि चव सांगायची. पोरांना वाचता कुठं येतंय—म्हणून साखरेच्या बरणीला लाल ठिपका, मिठाच्या बरणीला निळा. हुशार आहेत हो, नाहीत असं कुठं म्हणतेय मी? पोरांनी लाल ठिपक्यातले चार चमचे घातले. बाई आधीच म्हणून बसलेल्या, आता बघा कसं गोड लागेल! मग काय—एकेक पोर तोंड वेडंवाकडं करतंय आणि म्हणतंय, गोड. बाईंना आवडेल तेच बोलतात पोरं, मला विचारा. बावीस जण गोड म्हणाले. तुमच्या लेकीने मात्र चमचा खाली ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाली, ‘खारट आहे.’

बाईंनी चाखून बघितलं, कपाळाला हात लावला. ठिपके लावताना माझीच चूक झाली, म्हणाल्या—सगळ्यांदेखत! आणि हिला उचलून घेऊन रडल्या. ही त्यांच्या गळ्यात. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही हो तिने. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? तिला बोलतं केलं ते काय त्यांनी? ते ठिपके सकाळी मी बदलले होते.

हो, मी. नखाने अलगद काढले आणि उलटे चिकटवले. फजिती व्हावी त्यांची, एवढंच—माझी पोरं मधल्या सुटीत त्यांच्या दाराशी घोटाळतात, बघवत नव्हतं मला. पण बोलली ना ती? माझ्या मिठाने बोलली! मग कुणाची झाली ती, सांगा—

असं बघू नका.

द्या तो अर्ज. ही घ्या सही. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते सांगा.

आणि—घरी काय काय बोलते हो ती आता? आवाज कसा—

नको. राहू दे. या तुम्ही.