अक्षर पाहायचं राहिलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या जाहिरात कार्यालयाचे मालक माननीय इंद्रजितसाहेब, कुंडलहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या आदरणीय आक्काताई, त्यांचे चिरंजीव मिलिंदराव, आजच्या सत्कारमूर्ती संयोगिताताई, समोर बसलेले सांगलीच्या बाजारपेठेतले व्यापारी बंधू, माझे सहकारी आणि भगिनींनो,

हळदीच्या सौद्याचा दिवस असूनही आपण वेळ काढून आलात, याबद्दल प्रथम आभार मानतो.

माझं नाव जोतिबा. मूळ गाव उंब्रज. शाळाही तिथलीच. अठरा वर्षं या कार्यालयात मजकूर तपासतो. आता ते काम फोनसुद्धा करतो, असं माझे सहकारी मला अधूनमधून सांगतात. चेष्टेनं सांगतात, हे मला माहीत आहे. तरी माणूस घरी जाताना त्याचा विचार करतोच.

मी चार ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या. तो कागद खिशातच ठेवतो आहे. का, ते पुढं येईल.

संयोगिताताई सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. डिजिटल जाहिरातींचं काम तेव्हा नवीन होतं. दुकानांच्या पोस्ट, फोनच्या स्टेटसला ठेवायची चित्रं, असलं सगळं. आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं की अक्षर सरळ उभं असावं, डोक्यावर रेघ असावी. ताईंची अक्षरं काही वेगळीच. कुणी वाकलेलं, कुणी टाचा उंचावलेलं. मी एकदा विचारलं, “हे अक्षर आजारी आहे का?” त्या म्हणाल्या, “काका, कागद आपण हातात धरतो. फोन माणूस अंगठ्यानं पुढं ढकलत असतो. तेवढ्यात अक्षरानं हाक मारायला पाहिजे.”

मी म्हटलं, “हाक ऐकू आली आणि नाव कळलं नाही, तर काय उपयोग?”

त्या दिवसापासून कुठलाही खेळकर फॉन्ट निवडला की जाहिरात अंगठ्याच्या नखाएवढी करायच्या, माझा चष्मा काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “वाचा.” मला वाचता आलं तर तो फॉन्ट पास. अशी परीक्षा देणारा मी या जिल्ह्यातला एकटाच असेन.

आक्काताईंच्या गूळ-शेंगदाण्याच्या वड्यांचं काम आलं तेव्हा अशा अकरा फॉन्टची परीक्षा झाली. ‘गुळवडी’ हे नाव अकरा तऱ्हांनी लिहिलं. एकात ळ आणि व एकमेकांत अडकले. एकात वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसली. नऊ बाद झाले, दोन उरले. एक मला आवडलेला, जरा शहाणा. दुसरा ताईंचा. त्यातली अक्षरं जमिनीवर टिकतच नव्हती. ऑफिसात आम्ही त्याला ‘उड्या’ म्हणायचो.

निवाडा करायला आक्काताई आणि त्यांचे यजमान आप्पासाहेब, दोघंही आले होते. आप्पासाहेब एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. वड्यांचे पहिले डबे त्यांनीच शाळाशाळांतून पोचवले. त्यांनी दोन्ही चित्रं हात लांब करून पाहिली आणि ‘उड्या’वर बोट ठेवलं. म्हणाले, “गाडी सुटताना पोरं अशीच पळत यायची. हीच घ्या.”

आक्काताई लगेच म्हणाल्या, “आवं, तुमी तर घंटी मारून मोकळं व्हायचा.”

“निम्मी घ्यायचो की.”

“आन् निम्मी?”

“ती दुसऱ्या गाडीनं.”

आक्काताई, आपण हसताय, म्हणजे मला नीट आठवतंय.

वड्या चालल्या. फॉन्टमुळं चालल्या असं मी म्हणणार नाही, वड्या मुळात चांगल्या आहेत. पण पलूसच्या बाजारात पोरं लांबून बोट दाखवायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता अध्यक्षमहाराजांच्या भाषणाकडे येतो. मघाशी साहेब म्हणाले, “आप्पासाहेबांच्या कार्यक्रमाची ती पत्रिका सोडली, तर संयोगितानं सहा वर्षांत एक चूक केली नाही.” सभागृहात थोडं हसू झालं. साहेबांचा हेतू चांगला होता. पण ते वाक्य खरं नाही, आणि माझ्यानंतर बोलायला कुणी उरलेलं नाही. म्हणून कागद खिशात ठेवला.

चौदा महिन्यांपूर्वी आप्पासाहेब गेले. मिलिंदरावांनी विहारात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आदरांजलीच्या कार्यक्रमाचा मजकूर पाठवला. गिऱ्हाइकाच्या घरचं सुखदुःखाचं काम आपण आपलं समजून करतो, ही आमच्याकडची रीत. ताई त्या दिवशी कामासाठी साताऱ्याला गेल्या होत्या. कार्यालयात मी होतो. आप्पासाहेबांचा फोटो वड्यांच्या फाईलमध्ये होता, म्हणून मी तीच फाईल उघडली. ती ताईंच्या नावावर होती. वड्यांचं चित्र काढलं, मागचा रंग पांढरा केला, मजकूर घातला. मग वाचला. एकदा, दोनदा, तीनदा. तारीख, विहाराचं नाव, नातलगांची नावं, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं तपासलं. एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. समाधानानं पाठवून दिलं.

मी शब्द पाहिले. अक्षर पाहायचं राहिलं.

आप्पासाहेबांचं नाव ‘उड्या’मध्ये गेलं होतं. तासाभरात ते कुंडलपासून मुंबईपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या पाहुण्यांच्या फोनवर होतं.

ताई साताऱ्याहून परत आल्या तेव्हा साहेब दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, “ही फाईल कुणाची?” ताईंनी फोनवर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, “माझी.”

त्या खोटं बोलल्या नाहीत. फाईल त्यांचीच होती. खोटं बोलायची गरज मलाही पडली नाही. मी नुसता गप्प बसलो.

का बसलो? भीतीनं. शुद्धलेखन तपासायला फोन आहे, हे रोज ऐकत होतो. त्यात ही चूक कळली, तर मला ठेवायचं कारण काय उरलं असतं? एवढंच होतं. याहून मोठं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई माफी मागायला कुंडलला निघाल्या. मीही गेलो. गाडी चालवायला सोबत म्हणून. आक्काताई, आपण आम्हाला चहा दिलात. आपण ताईंना म्हणालात, “पोरी, ही अक्षरं त्यांनीच निवडल्याली. त्यास्नी आवडायची. पर पावनं बसल्यालं, आन् फोनवर त्यांचं नाव असं नाचत आलं. ते लागलं बघ.” ताई मान खाली घालून ऐकत होत्या. मी कप हातात धरून बसलो होतो.

येताना पलूसच्या अलीकडं ताई एवढंच म्हणाल्या, “काका, त्या फाईलमध्ये मथळ्याचा फॉन्ट मी लॉक करून ठेवला होता, तिथं काहीही लिहिलं तरी ‘उड्या’तच येतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.” त्यांना सगळं माहीत होतं. मी गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर लहान मुलांच्या वस्तूंचं, मिठाईचं, खेळण्यांचं सगळं काम साहेबांनी त्यांच्याकडून काढलं. चौदा महिने त्यांनी लेटरहेड आणि बिलबुकं केली. सरळ, उभी अक्षरं. मला आवडतात तशी. रोज सकाळी गणपतीच्या देवळात जाऊन मी कार्यालयात यायचो आणि त्यांच्या शेजारी बसायचो. हात जोडून झाले की माणसाला वाटतं, काहीतरी केलं. देवापुढं मी ही गोष्ट बऱ्याचदा बोललो. पण ती देवाला सांगायची गोष्ट नव्हती.

आता ताई पुण्याला मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांकडे नोकरीला जात आहेत. त्यांच्या कामाविषयी विचारणा करणारा फोन उद्या साहेबांना येणार आहे, हे मला माहीत आहे. साहेब, मघाचं ते वाक्य त्या फोनवर बोलू नये, ही माझी विनंती. बोलायचंच झालं, तर माझं नाव घालून बोलावं. माझ्याबद्दल पुढं काय ठरवायचं, तो आपला अधिकार आहे.

आक्काताई, मिलिंदराव, आपल्या घरी त्या दिवशी मी चहा पिऊन आलो. बोलायचं ते बोललो नाही. ते आज बोललो.

टेबलावर मानपत्र झाकून ठेवलं आहे. मजकूर साहेबांचा आहे, अक्षरजुळणी माझी. साहेबांनी सरळ अक्षर सांगितलं होतं, तसंच केलं आहे. फक्त संयोगिताताईंचं नाव ‘उड्या’मध्ये घातलं आहे. एवढ्यावर भागेल असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. या वेळी ते नखाएवढं करून, चष्मा काढून पाहिलं. वाचता येतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कुठं अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं. चौदा महिने बोललो नाही, त्याची माफी सभागृहाकडं मागून चालणार नाही. ती संयोगिताताई, मी तुमच्याकडं मागतो.

नमस्कार.